सणाला गावी यायचंय? आधी परतीचा दिवस ठरवा

पुण्यात नोकरीला लागून तीन-चार महिने झालेले असतात. गणपती तोंडावर येतात आणि घरून फोन सुरू होतात, "कधी येतोस? मखर कोण करणार?" बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या आपल्या पट्ट्यातली निम्मी पोरंपोरी आज शिक्षणाला नाहीतर कामाला बाहेर आहेत. कुणी पुणे-मुंबईत, कुणी बेंगळूरला, कुणी गोव्यात. ज्यांना पहिल्यांदाच गर्दीच्या दिवसांत स्वतःचा प्रवास स्वतः ठरवायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पंधराएक वर्षं हा रस्ता मी सणासुदीला तुडवला आहे, म्हणून सांगतो.

माझं म्हणणं एकच आहे. गावी येणं जमतं, अडतं ते परत जाणं. येताना माणसं विखरून येतात. कुणी गुरुवारी सुटी टाकतो, कुणी शुक्रवारी रात्री निघतो, कुणी चतुर्थीच्या पहाटे दारात उभा राहतो. जाताना मात्र सगळ्यांना सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं, म्हणून सगळे रविवारी संध्याकाळी एकाच वेळी स्टँडवर येतात. तेव्हा नियोजन शेवटापासून सुरू करायचं.

आधी दोन कॅलेंडरं भिंतीवर लावा

आपला भाग कर्नाटकात, पाहुणे महाराष्ट्रात आणि कामधंदा बऱ्याच जणांचा गोव्यात. त्यामुळे गर्दीही एकाच कॅलेंडरने चालत नाही. कर्नाटकातल्या शाळांना सहामाहीची मोठी सुटी दसऱ्याला मिळते, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीला. कर्नाटकात उन्हाळी सुटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास लागते आणि मे संपता संपता शाळा उघडतात. महाराष्ट्रात मे महिना सगळा सुटीचा आणि शाळा जूनच्या मध्याला.

याचा फायदा घेता येतो. एप्रिलच्या उत्तरार्धात आपली मुलं मोकळी असतात आणि कोल्हापूर-पुण्याकडची अजून परीक्षेत किंवा निकालाच्या वाटेवर. कोकणात, पन्हाळ्याला, महाबळेश्वरला जायचं असेल तर हे दिवस सोन्यासारखे. मे उजाडला की महाराष्ट्राची गर्दी उतरते आणि भाडीही चढतात. दसऱ्याला उलटं. त्या दिवसांत सगळा ओघ म्हैसूर-बेंगळूरच्या दिशेला असतो, कोल्हापूरच्या गाडीत त्या मानाने बरी जागा मिळते. अर्थात नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला जायचं नसेल तर.

याशिवाय जत्रा. मार्गशीर्ष आणि माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर कोल्हापूर जिल्ह्यातून गाड्या भरभरून येतात. माघातच चिंचलीच्या मायाक्काची यात्रा असते. चैत्री पौर्णिमेला जोतिबा, आषाढीला पंढरपूर. तुम्हाला जत्रेला जायचं नसलं तरी त्या तिथ्या माहीत हव्यात, कारण त्या दिवशी तुमची रोजची गाडी जत्रेच्या मार्गावर वळवलेली असू शकते.

मग परतीपासून मागं मोजा

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ते १२० दिवस होतं, घरातली मोठी माणसं अजून तोच हिशोब सांगतात. प्रवासाचा दिवस ६० मध्ये धरत नाहीत.

उदाहरण घ्या. २०२६ ची गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. शनिवारी १२ तारखेला निघायचं असेल तर तिकीट १४ जुलैला सकाळी ८ वाजता उघडेल. गौरी-गणपती करून रविवारी २० तारखेला परतायचं असेल तर ते उघडेल २२ जुलैला. फसगत होते ती या दोन तारखांमधल्या आठ दिवसांत. येण्याचं तिकीट हातात आलं की माणूस खूश होतो, परतीची आठवण ऑगस्टमध्ये येते, तोवर वेटिंग शंभराच्या घरात गेलेलं असतं.

म्हणून मोबाइलमध्ये परतीच्या तारखेचा गजर आधी लावा, येण्याचा नंतर. आणि साहेबाकडे रजा मागताना सणानंतरचा दिवस मागा. चतुर्थीच्या आधी एक दिवस जादा मिळवण्यापेक्षा रविवारऐवजी सोमवारी रात्री निघायची मुभा मिळाली तर प्रवास निम्मा हलका होतो. मंगळवारी सकाळी कामावर. हा एक दिवस मिळवण्यासाठी साहेबाशी बोलायला लागलं तर बोला, जून-जुलैतच बोला.

अनंत चतुर्दशीला बेळगाव शहरातून रात्री सुटणारी गाडी धरू नका. पहिल्या वर्षी मी ती चूक केली. मी शहापूरला मावशीकडं होतो, गाडी रात्री उशिरा, अंतर चालत अर्ध्या तासाचं. पण विसर्जनाची मिरवणूक त्या दिवशी कपिलेश्वर तलावाकडं निघते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. रस्ते बंद, मी मीटरच्या चौपट द्यायला तयार असूनही रिक्षावाला यायला तयार नाही, आणि गल्लीगल्लीत ढोल-ताशांपुढं माणसांची भिंत. पाठीवर सॅक, एका हातात डबा, वाट काढत काढत कॅम्पातल्या स्टेशनवर पोचलो तेव्हा शेवटच्या डब्याचा लाल दिवा खानापूरच्या बाजूला लांब जाताना दिसत होता. त्या दिवशी जायचंच असेल तर दुपारीच स्टेशनजवळ पोचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी घ्या. वैशाखात बेळगावची शिवजयंती आणि चित्ररथांची मिरवणूक असते, त्या रात्रीही हाच नियम.

रेल्वे: जे कुणी समजावून सांगत नाही

बेळगाव हे बहुतेक गाड्यांचं मधलं स्टेशन. इथूनच बरेच घोळ होतात.

पहिला घोळ तारखेचा. ६० दिवस आणि तत्काळचा एक दिवस, दोन्ही मोजायचे ते गाडी आपल्या पहिल्या स्टेशनवरून सुटते त्या दिवसापासून. निजामुद्दीनहून निघणारी गोवा एक्स्प्रेस बेळगावला येते तेव्हा तारीख बदललेली असते. जोधपूर, अजमेरकडून बेंगळूरला जाणाऱ्या गाड्यांचंही तसंच. म्हणजे त्यांचं तत्काळ तुमच्या हिशोबापेक्षा एक-दोन दिवस आधीच उघडून संपलेलं असतं. गाडीचं वेळापत्रक उघडून तुमच्या स्टेशनसमोर 'दिवस १' आहे, 'दिवस २' की 'दिवस ३' ते बघा आणि मगच गजर लावा.

दुसरा घोळ वेटिंगचा. सगळी वेटिंग लिस्ट एकसारखी नसते. तिकिटावर जीएनडब्ल्यूएल (सर्वसाधारण यादी) लिहिलं असेल तर आशा जास्त, पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांच्या याद्या) असेल तर कोटा छोटा आणि यादी हळू सरकते. अशा वेळी तेच तिकीट मागच्या मोठ्या स्टेशनवरून शोधून बघा, पुण्याकडं जाताना हुबळीहून, बेंगळूरकडं जाताना मिरजेहून. भाडं थोडं जास्त पडतं, पण जागा पक्की मिळत असेल तर घ्या. मात्र तिकीट काढतानाच बोर्डिंग स्टेशन बेळगाव टाका. ते न टाकता तुम्ही बेळगावात चढलात तर टीसी तुमची जागा तोवर दुसऱ्याला देऊन मोकळा झालेला असू शकतो, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट, वेटिंगचं तिकीट घेऊन आरक्षित डब्यात चढायचे दिवस गेले. २०२५ च्या मे महिन्यापासून हे कडकपणे पाळतात. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावर वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, पण तुम्ही मात्र स्टेशनवरच. चार्ट आता पूर्वीपेक्षा बराच आधी लागतो, त्यामुळे पर्याय शोधायला वेळ मिळतो. तो वेळ वापरा, शेवटच्या तासापर्यंत देव पाण्यात ठेवून बसू नका.

तत्काळ एसीसाठी १० वाजता, बाकीसाठी ११ वाजता. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं आणि ओटीपी येतो. साध्या आरक्षणालाही उघडण्याच्या दिवशी आधार-पडताळणी झालेल्या खात्यांनाच संधी मिळते. हे काम आदल्या रात्री करायला जाऊ नका. आजच करा. आधारला जोडलेला नंबर आईवडिलांच्या जुन्या सिमचा असतो आणि ते सिम गावातल्या फोनमध्ये, असं आपल्याकडं पुष्कळ घरांत आहे.

स्टेशनही शहाणपणानं निवडा. अथणीकडच्यांना उगार किंवा कुडची जवळ, चिक्कोडी-रायबागकडच्यांना रायबाग नाहीतर चिक्कोडी रोड. खानापूरला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तिकडच्या लोकांनी बेळगाव आणि लोंढा दोन्हीकडं बघावं. निपाणीला रेल्वे नाही, त्यांचं स्टेशन कोल्हापूर. पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून बेळगाववरून जाते, पण रोज नाही, वार बघून घ्या.

थेट गाडी नाही? मग तुकडे करा

नवखा माणूस 'पुणे ते बेळगाव' एवढंच शोधतो, भरलेलं दिसतं आणि हात टेकतो. जाणता माणूस स्वारगेटवरून कोल्हापूरची गाडी धरतो, कोल्हापुरातून निपाणी नाहीतर थेट बेळगाव. कोल्हापूर-बेळगाव अंतर ११० किलोमीटरच्या आसपास, दोन्ही राज्यांच्या महामंडळांच्या गाड्या दिवसभर. निपाणी वाटेतच येते. रेल्वेचंही तसंच. पुणे ते मिरज एक गाडी, मिरजेहून बेळगावकडं येणारी पॅसेंजर दुसरी. पॅसेंजरला आरक्षण नाही, उभं राहावं लागेल, पण त्या रात्री तुम्ही घरी असाल.

एक पथ्य मात्र पाळा. कोल्हापुरात रात्री ९ च्या आत पोचता येईल असं निघा. त्यानंतर उतरलात तर पुढची गाडी मिळण्याची खात्री धरू नका. आणि जिथं मुक्काम पडू शकतो तिथं एखादा पाहुणा आहे का, त्याचा नंबर जवळ ठेवा. कोल्हापुरात आत्या नाही असं सीमाभागातलं घर विरळाच.

बायकांसाठी हिशोब वेगळा आहे आणि तो करून ठेवण्यासारखा आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत इथल्या रहिवासी महिलांना साध्या सरकारी बसमधून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे. आधारवर पत्ता इकडचा असला की झालं, नोकरी पुण्यात असली तरी. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. म्हणून बेळगाव ते निपाणी कर्नाटकच्या गाडीनं आणि तिथून पुढं एसटीनं गेलं तर खर्च बराच उतरतो. पण सणाला याच कारणानं साध्या गाड्या खचाखच भरतात. बरोबर लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर चार पैसे देऊन आरक्षित जागा घ्या, इथं काटकसर नको.

रुमाल खिडकीतून टाकून जागा धरायची पद्धत अजून आहे. त्यावरून भांडण काढू नका. कंडक्टरला सांगा, "मामा, माझ्यासंगं आई हाय, बसायला तेवढं बघा." नव्वद टक्के वेळा कुणीतरी उठतं.

खासगी बस घेताना एकच प्रश्न विचारा

"उतरवणार कुठं?" मुंबई-पुण्याहून बेंगळूरकडं जाणाऱ्या बऱ्याच स्लीपर गाड्या शहरात शिरतच नाहीत, हायवेला सोडतात. निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव तिन्हीकडं हा प्रश्न आहे. माझी बहीण एका दिवाळीत पहाटे ३ वाजता बेळगावात गांधीनगरच्या पुलाजवळ उतरली. तिकिटावर बसस्थानक लिहिलेलं, कडेवर दीड वर्षाचं मूल, रस्त्यावर चिटपाखरू नाही. भावोजींना पोचायला पाऊण तास लागला. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, उतरायचं ठिकाण ड्रायव्हरचा नंबर मिळाल्याबरोबर फोन करून विचारायचं, आणि पहाटे ५ च्या आधी पोचणारी गाडी बायका-मुलांसाठी घ्यायची नाही.

भाडी दिवाळीला दुप्पट-तिप्पट होतात. दोन-तीन ठिकाणी बघा, पण फार ताणून धरू नका. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दोन दिवसांत भाडं उतरलेलं मी कधी पाहिलं नाही.

गाड्या बंद पडण्याचे दिवस

हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेर वाढलेल्या मुलांना आणि सुनांना सांगायला हवं. १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव, दुसरीकडं सीमाभागातल्या आपल्या मराठी माणसांचा काळा दिन. बेळगाव शहरात त्या दिवशी मिरवणुका, बंदोबस्त, वळवलेले रस्ते. दिवाळी बऱ्याचदा याच दिवसांच्या आसपास येते. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावच्या सुवर्णसौधात भरतं, तेव्हाही वातावरण तापतं आणि हॉटेलच्या खोल्या मिळणं कठीण होतं. आणि सीमाप्रश्नावरून कुठंही ठिणगी पडली की पहिली थांबते ती आंतरराज्य बस. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या होत्या. हाल होतात ते दवाखान्याला, लग्नाला, परीक्षेला निघालेल्या साध्या माणसांचे, दोन्ही बाजूंच्या.

असं झालं तर घाबरू नका. रेल्वे सहसा चालू असते, मिरज-बेळगाव मार्गाकडं वळा. रस्त्यानंच जायचं असेल तर निपाणीपर्यंत कर्नाटकची गाडी, पुढं कागलपर्यंत वडापची जीप आणि कागलहून कोल्हापूर. गावातल्या एसटी आगाराच्या ओळखीच्या माणसाला फोन करा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या व्हिडिओवर जाऊ नका.

पाऊस हे दुसरं कारण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पुरानं निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात महामार्गच बंद पाडला होता. वेदगंगा-पंचगंगा फुगल्याची बातमी आली की निघणं एक दिवस पुढं ढकला, ट्रकांच्या रांगेत दोन रात्री काढण्यापेक्षा ते बरं.

स्वतःची गाडी काढणार असाल

पुण्याच्या रस्त्याला हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे सहा टोलनाके. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आदल्या दिवशी बघा. नसले तर यूपीआयनं सव्वापट द्यावे लागतात. वर्षातून चार-पाच वेळा ये-जा असेल तर खासगी मोटारीसाठी २०० फेऱ्यांचा वार्षिक पास परवडतो, एका ये-जेत बारा फेऱ्या जातात. सातारा ते कागल रुंदीकरणाच्या कामानं जागोजागी गाड्या अडकतात. सकाळी ५ च्या आत पुणं सोडलं तर दुपारचं जेवण घरी होतं, ९ ला निघालात तर कराडातच दुपार होते.

गोव्याला जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट जवळचा, खानापूरवरून अनमोड, आणि सावंतवाडीकडं उतरायचं तर आंबोली. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात चोर्ल्याला वाहनांची शेपटी लागते. सकाळी ६ ला बेळगाव सोडा, अंधारात घाट चढू नका, घाटात रेंज जाते म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या. पावसाळ्यात दरड आणि धुकं दोन्ही असतं, निघण्यापूर्वी घाट चालू आहे का हे कणकुंबी किंवा आंबोलीकडच्या कुणाला तरी विचारा. परत येताना गोव्याच्या बाटल्या गाडीत ठेवू नका. सीमेवर तपासणी असते, आणि एका बाटलीपायी पूर्ण कुटुंब नाक्यावर ताटकळतं.

आणि सामान

येताना एक सॅक असते, जाताना तीन डाग होतात. आई चकल्या-करंज्यांचा डबा देते, काकू काजू देते, वडील म्हणतात "तांदूळ घरचा हाय, दहा किलो तरी ने". नको म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. म्हणून परतीची जागा ठरवतानाच या डागांचा विचार करा. उभ्यानं जाणाऱ्या पॅसेंजरला तांदळाचं पोतं जमत नाही, आरक्षित बर्थखाली ते सहज बसतं. तांदूळ एका मोठ्या पोत्यात न बांधता पाच-पाच किलोच्या दोन कापडी पिशव्यांत भरायला सांगा, दोन हातांत तोल राहतो. बेळगावचा कुंदा (मिठाई) घ्यायचा तर निघायच्या दिवशीच घ्या आणि हातातल्या पिशवीत वर ठेवा. तिकीट, आधार आणि फोनचा चार्जर सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, फराळाच्या डब्याखाली नको.